बागचौकाची हक्कसोड

मुरुडहून निघताना महादेवीनं जावेला एवढंच सांगितलं, की लातूरला जरा काम आहे. माहेरी चाललेय असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. तिची आई, अव्वा, गेल्याला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत ती बागचौकात एकदाच आली होती. वडील, अप्पा, वारले आणि त्यांची समाधी झाली त्या दिवशी आली आणि थोरल्या भावाच्या घरच्या पाण्याच्या तांब्यालाही न शिवता संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

आता त्याच थोरल्या भावाचं, मलप्पाचं, दोन ओळींचं कार्ड आलं होतं. ‘बागेच्या कागदावर तुझी सही लागते. येऊन जावे.’ खाली आशीर्वाद नाही, खुशाली नाही.

ती निघाली ती सही द्यायची नाही असं ठरवूनच. पण मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिचा सिद्धराम मुरुडात दुसऱ्याच्या दुकानी सायकली दुरुस्त करत होता. अडवून धरलं तर भाऊ म्हणतील, बाई, एक दुकान घे आणि सही दे. मग बघू. नाही म्हणायला जागा ठेवायची आणि हो म्हणायलाही.

स्टँडवर उतरली तर गाव तिला ओळखू येईना. पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होणार होता. भिंतींवर चुन्यानं रंगवलेली स्वागतं होती. टांगेवाल्यापासून पानवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट, कुठली कचेरी कुठे येणार आणि कुणाच्या खोल्या भाड्यानं जाणार. पावसानं मात्र पुन्हा ओढ दिली होती. जुलै सरत आला तरी रस्त्यावर धूळच होती.

बागचौक गंजापासून, म्हणजे धान्याच्या बाजारापासून, चालत दहा मिनिटांवर. तीन बाजूंना दगडी जोत्याच्या घरांच्या रांगा, दक्षिणेची बाजू रस्त्याकडे मोकळी आणि मधोमध कमरेएवढ्या भिंतीनं वेढलेली दोन एकरांची बाग. बाग म्हणायची ती जुन्या सवयीनं. आत पाच-सहा कडुलिंब तेवढे हिरवे होते. बाकी बाभळी, घाणेरी आणि जमिनीबरोबर तुटलेले बुंधे.

ही बाग तिच्या अप्पांनी, गुरुलिंगप्पांनी केली होती. जळकोटकडचा हा माणूस लातूरला आला तो पाठीवर पोती वाहायला. दहा वर्षांत त्याची स्वतःची आडत झाली. निजामाच्या काळात एका दाव्यासाठी त्याला हैदराबादला जावं लागलं. तारीख लागेना, म्हणून चार दिवस तो तिथल्या मोठ्या सरकारी बागेत झाडाखाली बसून राहिला. ओळखीचं ना पाळखीचं, कुणीही यावं, सावलीत बसावं, उठून जावं. हे त्याच्या मनात असं भरलं, की दावा हरून आला तरी त्याला त्याचं काही वाटलं नाही. आल्या आल्या त्यानं गावाबाहेरचं एक खडकाळ शेत घेतलं, कडेनं घरं बांधली आणि मधली जागा सोडून दिली. शेंगांचा व्यापारी मोक्याची जमीन रिकामी ठेवतो म्हणून गंजातले लोक हसले. पहिली काही वर्षं तिथं नुसत्या गाड्या सुटायच्या. बैलांच्या शेणामुतानं खडकावर हातभर माती धरली, तेव्हा कुठे त्यानं विहीर खणली आणि झाडं लावली. निजामाचं राज्य गेलं त्या साली बागेतल्या चिकूला पहिलं फळ आलं होतं. महादेवी तेव्हा लग्न होऊन मुरुडला गेली होती. अप्पांनी ते फळ माणसाबरोबर तिला पाठवलं होतं.

दारात रत्नम्मा उभी होती, मलप्पाची बायको. तिनं पाय धुवायला पाणी पुढं केलं. या खेपेला महादेवीनं ते घेतलं.

माडीवर दोघं भाऊ बसले होते. मलप्पा साठीला आलेला, कपाळाला भस्माचे पट्टे, भिंतीला टेकून डोळे अर्धे मिटलेला. धाकटा वीरण्णा चाळिशीचा. त्यानं सतरंजीवर एक नकाशा पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली होती.

“ये अक्का, ये. बस हितं,” वीरण्णा म्हणाला. “हे बग. चोवीस दुकानं समोर, मागं वकिलांसाठी खोल्या. जिल्हा होऊन राहिलाय. कोर्ट येणार, कचेऱ्या येणार. आसा मौका पुन्हा न्हाई यायचा. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आपली तिघांची नावं हायेत. तू हक्कसोड लिहून दिलीस की काम झालं.”

“आन् विहीर?”

“बुजवायची. पाणी हाय कुठं तिच्यात?”

महादेवी नकाशाकडे बघत राहिली. चोवीस चौकोन आखलेले होते. त्यातला एक सिद्धरामचा, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

“अण्णा काय म्हणतोय?” तिनं विचारलं.

मलप्पानं डोळे उघडले. “वीरण्णा म्हणतोय तेच. जाऊ दे ती बाग.”

“जाऊ दे? तुला काय, तुझी तर दहा सालामागंच गेली,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण नऊ वर्षं गिळलेलं सगळं त्यात होतं. “दुष्काळात अप्पांनी काय सांगितलं व्हतं? निम्मं पाणी माणसांना, निम्मं झाडांना. आन् तू झाडांचं पाणी तोडून आपल्या दाळीच्या गिरणीला नेलंस. एकूण एक झाड वाळलं. अव्वा त्या खिडकीतून ती वाळकी झाडं बघत बघत गेली. अप्पा मरेपर्यंत तुझ्याशी बोलले न्हाईत. आता बुंधे उपटायला माझी सही पाह्यजे? मी न्हाई देणार.”

वीरण्णाला राग आला. “नऊ वर्षं फिरकली न्हाईस आन् आता भांडण काढून राहिलीस? अण्णा, तू तरी बोल की.”

मलप्पानं भिंतीची पाठ सोडली. उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि खाली उतरून गेला. जिन्यावर त्याची पावलं सावकाश वाजत गेली.

महादेवी स्वयंपाकघरात आली. रत्नम्मा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तवा तापला होता आणि घामानं तिच्या कपाळावरचं कुंकू पसरलं होतं. तिनं वर बघितलं नाही.

“वर बोललात ते समदं ऐकलं म्या,” ती म्हणाली.

“खरं तेच बोलले, वैनी.”

रत्नम्मानं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “गिरणीला पाणी न्हाई गेलं. एक घागरभर बी न्हाई. त्या साली गिरणीच बंद व्हती, दाळ करायला तूर कुठं व्हती?”

महादेवी पिढ्यावर बसणार होती ती तशीच उभी राहिली. तूर नव्हती हे तर तिलाही ठाऊक होतं. मुरुडला तिच्याच घरात त्या साली तुरीचा दाणा नव्हता. तरी हा विचार नऊ वर्षांत एकदाही तिच्या मनात आला नव्हता.

“मग कुठं गेलं?”

“गेटच्या भायर. तुम्ही मुरुडला व्हता, तुम्ही बघितलं न्हाई. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलेली माणसं. जळकोटाकडची, कुठकुठची. पोराबाळांसकट दक्षिणेच्या अंगाला पडून राह्यची. अप्पा निम्मं पाणी द्यायचे त्यांना. पुरायचं न्हाई.” तिनं भाकरी उलटली. “एक दिस सासूबाईंनी खिडकीतून बघितलं. रात्री लिंबोणीला पाणी सोडलेलं व्हतं. एक बाई भित्तीवरनं आत उतरली, तिथल्या आळ्यातला चिखल तिनं पदरात घेतला आन् पिळला. खाली वाटी धरलेली. चिखल पिळून पाणी काढायली व्हती ती, महादेवीबाई.”

चुलीतलं लाकूड सरकलं. रत्नम्मानं ते आत ढकललं.

“सासूबाईंनी ह्यांना बोलावलं. मी तिथंच व्हते, त्यांचे पाय चेपत. म्हणाल्या, मलप्पा, आजपासून झाडांचं पाणी तोड. समदं भायर दे. आन् मी सांगितलं म्हून अप्पांना कधी सांगू नको.”

“का म्हून?”

“म्या बी तेच विचारलं. म्हणाल्या, ती झाडं त्यांनी लेकरावानी वाढवलीत. आता माझे दिस थोडे राह्यलेत. ह्या टायमाला त्यांनी माझ्याकडनं तोंड फिरवलं तर मी कुणाकडं बगू? तू लेक हायेस. चार दिस रागावतील, मग जवळ घेतील.” रत्नम्मानं हात झटकले. “चार दिस. पाच वर्षं न्हाई बोलले. गिरणीचं कुणी तरी त्यांच्या कानात भरलं. ह्यांनी तेवढं बी नाकारलं न्हाई. मला शपथ घातली व्हती. आज मोडली. तुम्ही त्यांच्या तोंडावर तसं बोललात, मला न्हाई ऱ्हावलं.”

 महादेवी बाहेर पडली.

मलप्पा दारासमोरच्या दगडी कट्ट्यावर बसला होता. तिथून दहा पावलांवर बागेची भिंत होती आणि तो तिच्याकडं पाठ करून बसला होता. महादेवी शेजारी टेकली. लहानपणी दोघं इथं बसून शेंगा सोलायची. 

“वैनीनं सांगितलं,” ती शेवटी म्हणाली.

मलप्पाच्या जबड्याचं हाड हललं. “तिला न्हाई सांगायचं व्हतं.”

“अप्पांना तरी सांगायचं, अण्णा. अव्वा गेल्यावर सांगायचं. तिचं काय राह्यलं व्हतं मग?”

“सांगायला गेलो व्हतो.” तो धुळीकडं बघत होता. “शेवटच्या आठवड्यात. त्यांना दिसत न्हवतं तवा, मोतीबिंदू पिकलेला. मी उशाशी बसलो. हाताला हात लावला तर त्यांनी वळखला. पाच वर्षांनी पहिल्यांदा बोलले माझ्याशी. म्हणाले, मलप्पा, लिंबोणीला फूट आली का रे?”

“मग?”

“हाव म्हणालो. आली. लई फुटलीय म्हणालो.” त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “त्यांच्या तोंडावर आसं काय तरी आलं, की मग मला बाकीचं बोलवंना. कुठली फूट आन् काय. बुंधा बी म्याच तोडला व्हता.”

महादेवीच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

“मी आप्पलपोटा म्हणाले तुला. मुरुडात चार लोकांत म्हणाले,” ती म्हणाली. “माझ्या लेकाला सांगितलं, तुझा मामा आसा हाय म्हून.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे कसं? बाग बी जाऊ दे, मी बी जाऊ दे. तू समदंच कसं जाऊ देतोस?”

मलप्पा पहिल्यांदा तिच्याकडं वळला. “रोज सकाळी दार उघडलं, की ते बुंधे दिसतेत, महादेवी. अव्वानं सांगितलं ते बरोबर व्हतं. आज सांगितलं तरी म्या तेच करीन. पण हात माझे व्हते. वीरण्णाची दुकानं झाली तर निदान माणसांची जा-ये दिसंल. मला पैशाची हाव न्हाई. मला ते बगवत न्हाई, बास.”

महादेवीनं मान वळवली. भिंतीपलीकडं लिंबांच्या सावलीत दोन बायका भाजीच्या पाट्या उतरवून बसल्या होत्या. तुटक्या भिंतीवरनं आत शिरल्या असाव्यात. एकीनं पदरानं वारा घेतला आणि ती तिथंच आडवी झाली.

त्या दिवशी महादेवी राहिली. रत्नम्मानं वाढलेली भाकरी आणि शेंगांची चटणी तिनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा माडीवर बसली. साक्षीला म्हणून समोरच्या रांगेतले निवृत्त हेडमास्तर वसंतराव आले होते. चौक वसला तेव्हापासून त्यांचं घर तिथं होतं.

“मी सही देते,” महादेवी म्हणाली.

वीरण्णानं पेनाचं टोपण काढलं सुद्धा.

“पण बागेची न्हाई. ह्या घरातला, आडतीतला, गिरणीतला माझा जो काय वाटा असंल त्याची. समदा सोडते. दोघांनी घ्यावा. बाग मात्र तशीच राह्यची.”

“अक्का, हे काय?” वीरण्णा गोंधळला. “घराचा वाटा तुला मागितला कुणी? आन् बाग ठेवून करायचं काय? बाभळी?”

“पालिकेला देऊन टाकायची. भिंत पाडायची, फाटक काढायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला.”

“फुकट? जिल्हा होऊन राहिलाय आन् मोक्याची दोन एकर जमीन फुकट?” वीरण्णा आता तिच्याशी नव्हे, भावाशी बोलत होता. “अण्णा, तू शब्द दिलाय मला. मी वीस साल तुझ्या गिरणीत राबलोय. माझं म्हणून काय हाय? तुझ्या नावावर गिरणी, चौक म्हणलं की अप्पांचं नाव. माझ्या लेकरांनी काय सांगावं, आमचा बाप कोण व्हता?”

 ते खोटं नव्हतं. महादेवीलाही ते पहिल्यांदाच दिसलं. अव्वा गेली तेव्हाही तो गिरणीसाठी तूर शोधत गुलबर्ग्याकडे फिरत होता. कॉलेज सुटल्यापासून तो थोरल्याच्याच हाताखाली होता.

वसंतराव हळूच म्हणाले, “मलप्पा, दक्षिणेकडची पट्टी बागेच्या भिंतीबाहेर आहे ना? गाड्या सुटायच्या ती?”

मलप्पानं नकाशा स्वतःकडं ओढला. चार वजनांतली दोन काढून बाजूला ठेवली. मग बोटानं रस्त्यालगतची एक रेघ दाखवली.

“ही पट्टी वीरण्णाची,” तो म्हणाला. “आठ दुकानं बसतेत. रस्त्याला तोंड हाय, पयली हीच जातील. माझी आन् महादेवीची दोघांची हक्कसोड हिच्यावर. एकट्याच्या नावावर. वर तुझ्या नावाची पाटी लाव.” तो थांबला. “आतली बाग पालिकेला. विहिरीसकट. विहीर बुजवायची न्हाई आन् तिच्यावर कुलूप लावायचं न्हाई, एवढं कागदात घालायचं.”

“काल तर तूच म्हणालास जाऊ दे म्हून,” वीरण्णा म्हणाला.

“काल म्हणालो.”

“चोविसाची आठ झाली.”

“तुझी झाली. चोवीस समद्यांची व्हती.”

वीरण्णा नकाशाकडं बघत बसला. त्यानं बोटानं आठ चौकोन मोजले आणि पुन्हा मोजले. खुश झाला असं नाही म्हणता येणार. पण पट्टीच्या कोपऱ्यावरचा चौकोन त्यानं पेनानं जरा जाड केला, तेव्हा रत्नम्मानं दारातून बघून मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.

वसंतरावांनी ठरलेलं सगळं कागदावर उतरवलं आणि महादेवीनं सही केली. आठांतला एक सिद्धरामला, हे शब्द दोनदा ओठांवर आले आणि दोनदा तिनं गिळले. वीरण्णाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काही मिळत होतं. त्यात त्याच क्षणी हात घालणं तिला जमलं नाही. घरी जाऊन सिद्धरामला काय सांगायचं, ते ती आता शोधणार होती. त्याचा मामा कसा आहे हे मात्र पहिल्यापासून नीट सांगायचं होतं.

दुपारी ती निघाली. मलप्पा तिची पिशवी घेऊन पुढं झाला. स्टँडकडे वळण्याऐवजी तो बागेच्या फाटकापाशी थांबला. फाटक अर्धवट जमिनीत रुतलं होतं. त्यानं खांदा लावून ते ढकललं आणि आत पाऊल टाकलं. महादेवी मागोमाग गेली. घाणेरीची काटेरी फांदी तिच्या लुगड्यात अडकली, ती त्यानं वाकून सोडवली.

“हितं चिकू,” तो एका बुंध्यापाशी थांबून म्हणाला. “तुला फळ धाडलं व्हतं तो.”

“ठाव हाय.”

“हितं पेरू. लाल गराचा. हितं दोन सीताफळं, एक गोड एक पाणचट, पण अप्पांना पाणचटच आवडायचं. ही लिंबोणी.” तिथं तो जरा जास्त थांबला, मग पुढं झाला. “हितं रामफळ. हितं बकुळ, अव्वाचा. हितं पांढरा चाफा. वसंतरावांची कुसुम ह्याच्यावरनं पडली व्हती, हात मोडला व्हता.”

बुंधा नव्हता तिथंही तो थांबत होता. मातीवर बोट दाखवून झाडाचं नाव सांगत होता, कोणत्या साली लावलं, पाणी तोडल्यावर कोणतं पहिल्यांदा वाळलं, कोणतं आषाढापर्यंत टिकलं. भाजीवाल्या बायका सावलीतून त्याच्याकडं बघायला लागल्या. त्याचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. एवढा बोलताना महादेवीनं त्याला कधी ऐकलं नव्हतं, अगदी लहानपणीही नाही.

मुरुडची तीनची गाडी स्टँडवरून सुटल्याचा हॉर्न ऐकू आला. मलप्पा मध्येच थांबला.

“तुझी गाडी गेली की.”

“हाव, गेली,” महादेवी म्हणाली. “ह्याच्यापुढं कोणतं झाड व्हतं?”